दगडाचा पाक

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी माझ्या सासऱ्यांनी घरामागं विहीर खणायला घेतली. बडनेऱ्याजवळचं आमचं गाव. नदी इतकी लांब, की मी आणि सासूबाई डोक्यावर घागरी घेऊन निघालो की अर्धा दिवस वाटेतच जायचा. मला तर त्या विहिरीचं वेडच लागलं होतं. पण काळी माती संपली नि असा कातळ लागला, की पहारींची टोकं वाकली. सासरे म्हणाले, "बंद करा. पाताळापर्यंत हाच गोटा हाये."

त्याच सुमारास रेल्वेच्या खडीसाठी दगड शोधत पुण्याकडचे एक ओव्हरसियर आले. ओसरीवर गूळपाणी घेताना म्हणाले, "हा कातळ एके काळी तापलेला रस होता. भेगांतून वर आला, पसरला. वरून आधी थिजला, म्हणून आतले बुडबुडे त्या सायीखाली अडकले. एक थर निवला की त्यावर दुसरा." सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. दाराआड माझं मात्र डोकं गरगरलं. म्हणजे या कातळाखाली जुन्या थराची जाळीदार पाठ असणार! नि जाळीत नाही तर पाणी थांबणार कुठं?

सासऱ्यांपुढं बोलायची आम्हा सुनांना सोय नव्हती. मी तडक गुळाचा पाक केला, परातीत ओतला, थिजू दिला नि त्यावर दुसरा ओतला. सासूबाई ओरडल्या, "काहून व, येवढा गूळ काहून नासवून राहिली?"

मी परात त्यांच्या हाती दिली. "मामाजीले दाखवा. वरचा थर फोडला का खाली भोकंच भोकं हायेत."

सासऱ्यांनी तुकडा मोडला, डोळ्याजवळ नेला, मग अख्खा खाऊन टाकला. "गोड हाये," म्हणाले, "लावा सुरुंग."

कातळ फुटला. खाली लालसर, भोकाभोकांचा दगड लागला आणि त्यातून पाणी अक्षरशः उड्या मारत आलं! डोक्यावरचा पदर विसरून मी सासूबाईंना ओढलं नि त्या चिखलातच आम्ही फुगडी घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं आम्ही दोघी घागरी घेऊन निघालो. निम्म्या वाटेवर सासूबाई एकदम थांबल्या. "काय व, आपन कुठी चाललो?"

आम्ही तिथंच बसकण मारली आणि पोट दुखेस्तोवर हसलो. हसता हसता त्या रडायलाच लागल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या वाटेवर त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.