बेचाळीस सह्या

बोईसरच्या एका सोसायटीतल्या बेचाळीस जणांनी मला फसवलं. वर्षानुवर्षं माझ्याकडून मासळी घेतली आणि मी धोकादायक बाई आहे, अशा कागदावर सह्या करून तो पोलिसांना दिला.

घडलं ते एवढंच. गेटसमोर बसून मी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची सुरमई कापत होते. सोसायटीचे सेक्रेटरी आले. वाकले नाहीत. चपलेच्या टोकाने पाटीतलं पापलेट उलटवलं.

"ताजं आहे का गं?"

मी उठले. "पाय काढ पाटीतून!" वर शिवी दिली. दिली, नाकारत नाही. मी तापट आहे. सातपाटीच्या बंदरावर लिलावात भल्याभल्यांशी भांडून माल उचलते. मऊ असते तर आजही दुसऱ्याचीच पाटी डोक्यावर वाहिली असती. पण हातात कोयता होता तो सुरमईसाठी. कोणावर उगारला नाही.

कागदावर माझं नाव नाही, फक्त 'मासळीवाली धारदार शस्त्र घेऊन रहिवाशांना धमकावते.'

नोटीस आली आणि मला पालघरला, तिच्यावर सही करणाऱ्या तहसीलदार साहेबांसमोर उभं केलं. चॅप्टर केस. म्हणजे गुन्हा शाबित नाही, पण पुढे कराल म्हणून आधीच हमी द्या. त्या दिवशी मी धंद्याला गेले नव्हते. धुतलेली साडी नेसले होते. तरी साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"लांब उभी राहा. वास येतोय."

शिपाई हसला. मी दोन पावलं मागे सरले. का सरले, याची लाज अजून जात नाही.

"चांगली वागेन असं लिहून दे. प्रतिष्ठित जामीनदार आण. त्या गेटवर बसायचं नाही. विषय संपला."

"साहेब, मी कोणाला धमकावलं? बघितलं कोणी?"

"बेचाळीस लोक खोटं बोलतील का?"

मी यादी मागितली. सातवी शिकलेय, वाचली. कोणाला गाबोळी, म्हणजे माशाची अंडी लागतात, कोणाला बिनकाट्याचा मासा, सगळं मला पाठ. नवव्या ओळीत वहिनींची सही. त्या दिवशी तिथे त्या एकट्याच होत्या. बाकीच्यांपैकी सेक्रेटरी सोडले तर कोणी खालीसुद्धा आलं नव्हतं.

तारीख मागून घेतली आणि वहिनींच्या दारात गेले.

"वहिनी, तुमी तर समोर होता."

"अगं मावशी, सेक्रेटरी कागद घेऊन आले. सगळ्यांनी केली म्हणून मीही केली. मनावर घेऊ नकोस. उद्या बोंबील आणशील ना?"

त्यांना खरंच काही वाटत नव्हतं. राग तिथेच गार झाला. गार झाला म्हणजे संपला नाही. बर्फात टाकलेली मासळी टिकते, तसा टिकला.

पुढच्या तारखेला साहेबांनी पेन सरकवलं.

"सही नाय करणार."

"मग आत जाशील."

"जाईन. पन आधी त्या एकेकाला इथं बोलवा. काय बघितलं ते माझ्यासमोर सांगू द्या. साधा मासा घेतानाही लोक कल्ला उचलून आत लाल आहे का बघतात, साहेब. तुमी नुसत्या सह्या मोजल्या."

त्यांनी पेन उचललं आणि पुन्हा तारीख दिली.

धंदा मी सोडलेला नाही. रोज त्याच गेटसमोर बसते. वहिनी आता येत नाहीत. वकिलाकडून अर्ज लिहून घेतलाय, त्यात एकच मागणी आहे. ज्यांनी काही पाहिलंच नाही, त्यांचं मत माझ्याविरुद्ध पुरावा कसं झालं? नोटिशीवर ज्या साहेबांनी सही केली, त्यांनीच याचं उत्तर द्यावं. लेखी द्यावं. माझं पूर्ण नाव घालून द्यावं.