साहेबांच्या गावची हवा

आमचे साहेब इंग्लंडमधल्या शेतीवाडीच्या एका परगण्यातले. गेल्या वर्षी इथे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात, भर जेवणाच्या वेळी, त्यांनी मला पॅन्ट्रीत सुनावलं, "प्लीज, मासे इथे गरम करू नका. आमच्याकडची हवा किती स्वच्छ असते, तुम्हाला कल्पना नाही." माझ्या डब्यात आईने वेंगुर्ल्याहून पाठवलेल्या सुकटीची चटणी होती. दोघा-तिघांनी लगेच नाकाला रुमाल लावला. मी डबा उचलून जिन्यात जाऊन बसले आणि न जेवताच तो बंद केला. त्याच दिवशी ठरवलं, ही स्वच्छ हवा एकदा हुंगून यायचीच.

करामा वस्तीतल्या आमच्या घरात भांडण पेटलं. नवऱ्याला स्वित्झर्लंड हवं होतं. "अगं, साहेबांच्या गावात आहे काय? एक कॅथीड्रल आणि गाई!"

"खलास," मी म्हटलं. "तिथेच जायचं."

मार्चअखेरच्या सुट्टीत गेलो. शहर कसलं, गावच ते. खाली नदी, वर तांबूस दगडाचं कॅथीड्रल, भोवती सफरचंदांच्या बागा. देखणं होतं, आणि त्याचाही मला राग आला. पण स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच लेक ओरडली होती, "आई, इट स्टिंक्स!" शेणाचा वास! नुसता भपकारा. चहाच्या दुकानातल्या बाईंनी हसत सांगितलं, या दिवसांत आजूबाजूच्या शेतांत शेणखत टाकतात, मग सगळं शहर असंच घमघमतं. मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. कॅथीड्रलसमोरच्या हिरवळीवर मांडी ठोकून मी सुकटीचा डबा उघडला आणि चटणी-पोळी चवीचवीने खाल्ली. परतीच्या विमानात एकच वाक्य घोकत होते: सर, तुमच्या गावाला घाण वास येतो. ते मला पॅन्ट्रीतच, सगळ्यांसमोर म्हणायचं होतं.

पहिल्याच दुपारी साहेब कॉफी घ्यायला आले. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "आमच्याकडे जाऊन आलात म्हणे! आता शेतात खत पडत असेल. वास थेट कॅथीड्रलपर्यंत येतो. आला का तुम्हाला? डॅड गेले, शेत विकलं, माझं जाणंच संपलं. तो वास मात्र अजून..." आईकडून आलेली पिशवी सोडताना माझं जसं होतं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

घोकलेलं वाक्य बोलले असते तर ते खूश झाले असते. तेवढं सुख मी त्यांना देणार नव्हते.

"वास? नाही हो, सर," मी म्हटलं. "कसलाच वास नव्हता. हवा अगदी स्वच्छ होती."

त्यांचा चेहरा पडला. कॉफी तशीच ठेवून ते निघून गेले. मी सुकटीचा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि पॅन्ट्रीतच बसून पोटभर जेवले.