सोमवारचं गिऱ्हाईक

कर्जतच्या बाजारात माझं सलून होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक बाकडं आणि रोजचा एक पेपर, एवढाच पसारा. सोमवारी दुकान बंद. सोमवारी वस्तऱ्याला हात लावायचा नाही हे वडलांनी शिकवलेलं, आणि ते मी सगळ्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत पाळलं. एकाच्या बाबतीत तेवढं जमलं नाही. आज लिहायला बसलोय ते त्याच्याबद्दल. त्याचं नाव मी लिहिणार नाही. आता कुणाला त्याचं काही वाटणार नाही म्हणतात, पण मला अजून भीती वाटते.

तो माझ्या वर्गातला. दहिवलीच्या कडेला त्यांचं घर, थोडी भातशेती, वडील लवकर गेले, घरात आई आणि तो. पिढ्यान् पिढ्या त्या घरची डोकी आमच्याच घरातल्या माणसांनी केलेली. अठराव्या वर्षी तो फौजेत गेला आणि मी वडलांच्या खुर्चीमागे उभा राहिलो. वर्षातून एकदा रजेवर यायचा. घरी ट्रंक टाकायची आणि तडक सलूनमध्ये येऊन बसायचं, ही त्याची रीत. मी त्याचं डोकं हातात धरून म्हणायचो, "तुमच्या पलटनीत न्हावी हाय का मेंढरं भादरनारा? काय दशा केलीय रं!" बाकड्यावरचे हसायचे. तो आरशातून माझ्याकडे बघायचा. त्या बघण्यावर माझे पुढचे अकरा महिने निघत.

मला तो आवडायचा. माझं लग्न झालेलं होतं, दोन लेकरं होती, बायको चांगली होती, आणि तरी मला तो आवडायचा. सत्तरीत लिहितोय म्हणून लिहू शकतोय. त्या वेळी मनातल्या मनातसुद्धा हे वाक्य मी पुरं करत नसे.

एकाहत्तरची लढाई संपून तीनेक वर्षं झाली असतील. एका सोमवारी दुपारी तो माझ्या घरी आला, तोही मागच्या दाराने. बायको लेकरांना घेऊन माहेरी गेली होती. मी त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी केसांकडे बघितलं. धंद्याची खोड, दुसरं काय. केस कानांवर आले होते, मानेवर कुरळे झाले होते. फौजेतल्या माणसाचे केस एवढे वाढतच नाहीत, कुणी वाढू देत नाही.

"काढलं मला," तो म्हणाला. "दोन महिने झाले."

पलटणीतल्याच एका सोबत्याशी त्याचं जुळलं होतं. कुणीतरी चुगली केली. साहेबाने बोलावून विचारलं, हे खरं आहे का. साहेब माणूस वाईट नव्हता, नाही म्हण आणि विषय संपव, असंच त्याचं बोलणं होतं. सोबत्याने नाही म्हटलं, तो राहिला. ह्याने हो म्हटलं. कागदावर एवढंच लिहिलं होतं की यापुढे तुमच्या सेवेची गरज नाही.

"अरे येड्या, नाय म्हनायला काय झालं होतं तुला?" मी ओरडलोच.

"विचारलं ना त्यांनी. कुनी तोंडावर विचारलं तर मला खोटं बोलता येत नाय."

"आनि आईला काय सांगनार?"

"आई विचारनार नाय. तू केस काप फकस्त."

तेव्हा मला उमगलं की तो माझ्याकडे कशासाठी आलाय. फौजी दिसला तर लोक फौजी धरून चालतात, कुणी काही विचारत नाही. न विचारलेल्याचं उत्तर द्यावं लागत नाही आणि खोटंही बोलावं लागत नाही. मी मागच्या पडवीत त्याला पाटावर बसवला आणि ज्या पलटणीच्या न्हाव्याला मी इतकी वर्षं नावं ठेवली त्याच्यासारखा हुबेहूब कट मारला. कानावर मशीन, मागे सरळ रेघ, वर चिमटीत येणार नाहीत एवढेच केस. मिशी तेवढी होती तशी ठेवली. मिशीवर त्याचं फार प्रेम.

पुण्याला एका गोदामावर त्याला पहारेकऱ्याचं काम मिळालं. वर्षातून दोनदा तो "रजेवर" यायचा. सोमवार ठरलेला असायचा. मी खोपोलीच्या गाडीने जायचो, तो घाट उतरून एसटीने खोपोलीच्या शिळफाट्याला उतरायचा. तिथे माझ्या मावसभावाचं सलून होतं, तेही सोमवारी बंद. मागच्या अंगणात शेवग्याखाली मी त्याचे केस कापायचो. मग तो ट्रंक उचलून एसटीने कर्जतला, मी त्याच्या मागून गाडीने. बायकोला सांगायचो, मावसभावाच्या कात्र्यांना धार लावायची आहे. एवढ्या कात्र्या त्याच्याकडे होत्या कुठे? बायकोने एकदाही विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही याचाच मला जास्त घोर लागायचा.

ते दोन तास शेवग्याखालचे. आम्ही फारसं बोलतही नसू. मी मानेवरचे केस फुंकून काढायचो, तो डोळे मिटून बसायचा. आणि माझा सगळा जीव अंगणाच्या फाटकाकडे. कर्जतचं कुणी आलं तर? सोमवारी, दुसऱ्याच्या दुकानामागे, ह्याचं डोकं तू का करतोयस, असं विचारलं तर? तो तरी खरं बोलला असता, मला ते येत नव्हतं.

अशी दोनेक वर्षं गेली. मग पेपरात ती बातमी आली.

आतल्या पानावर, तळाला, दहा-बारा ओळी. परदेशातल्या एका फौजेतल्या शिपायाने आपल्या साहेबाला पत्र लिहून कळवलं होतं की मला पुरुष आवडतात, मी हे लपवणार नाही, आणि मला फौजेतच राहायचंय. साहेबांनी त्याला काढायचं ठरवलं होतं. तिकडे कोर्टात, पेपरांत, चौकाचौकांत वाद चालला होता म्हणे. पेपर आला की दुकान उघडतानाच मी वाचून काढायचो. ती बातमी मी उभ्याने तीनदा वाचली. मग ते पान आत दुमडून पेपर बाकड्यावर ठेवला, जसं काही लोकांना पान उलटता येत नाही.

आमच्याकडे खालापूरच्या बाजूचे एक निवृत्त हवालदार रोज यायचे. दाढी आठवड्यातून दोनदा, पेपर मात्र रोज. त्यांनी बातमी शोधली आणि मोठ्याने वाचली. त्या दिवसापुरतं माझं दुकान म्हणजे कोर्टच झालं.

"फौज म्हंजे काय तमाशा हाय का?" हवालदार म्हणाले. "एका तंबूत धा मानसं झोपतात. शिस्त काय राहील?"

शाळेतले एक मास्तर बाकड्यावर बसले होते. ते म्हणाले, "पण हवालदार, गोळी नेम धरून मारतो की नाही, एवढंच बघावं. बाकी त्याच्या घरचं."

"मास्तर, तुमी खडूची लढाई लढलेले. तुमाला काय ठावं?"

सगळे हसले. मीही हसलो. मोठ्याने हसलो, कारण न हसलेला माणूस लगेच दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी तो पेपर फाडला. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला आम्ही शिळ्या पेपराचे चौकोन करून ठेवतो. त्या बातमीचा चौकोन पहिल्याच गिऱ्हाइकाला वापरून फेकून दिला. वाटलं, संपला विषय.

पण तो आदल्याच दिवशी, सोमवारी, शिळफाट्यावरून "रजेवर" आला होता. आणि रजेवरचा फौजी सलूनमध्ये बसला नाही तर लोक विचारतात, म्हणून तो दहाच्या सुमारास आला आणि खुर्चीत बसला. बाकड्यावर हवालदार होते, मास्तर होते, एक टेंपोवाला होता. मी भराभर पाणी मारलं, साबण लावला. म्हटलं, दहा मिनिटांत मोकळा करतो आणि घरी पाठवतो. पहिला हात मारून होतोय तोच हवालदार म्हणाले, "बरा आलास रं फौजी. ह्या मास्तरांना समजाव जरा." आणि बातमी त्यांनी तोंडपाठ सांगितली.

तो आरशातून माझ्याकडे बघत होता. काल शेवग्याखाली मी त्याला ही बातमी सांगितली नव्हती, कारण काल ती आलीच नव्हती असं मी लिहिणार होतो. पण ते खरं नाही. बातमी सोमवारी सकाळी आली होती, दुकान बंद असूनही हवालदार, मास्तर पेपरसाठी आले होते आणि मी फळी अर्धी उघडून बसलो होतो. कोर्ट भरलं ते सकाळी, आणि दुपारच्या गाडीने मी शिळफाट्याला गेलो. तिथे त्याचे केस कापताना मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. तो काहीतरी बोलून बसेल ही भीती होती. इतकी वर्षं हा भाग मी स्वतःलाही वेगळा सांगत आलोय.

"आमच्यात बी होता एक," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या गालांवर आता साबण नव्हता.

"मंग? काढला ना?"

"काढला."

"बेस केलं!"

"लढाईत दोन जखमी खांद्यावरून आनले होते त्यानं. ते आनताना कुनी विचारलं नव्हतं, तू कसा हायस."

टेंपोवाल्याने विडी खाली केली. मास्तर पुढे वाकले. आणि हवालदारांनी, अगदी सहज, म्हाताऱ्या माणसाच्या कुतूहलाने विचारलं, "कोन रं तो? आपल्या भागातला हाय का?"

विचारलं. तोंडावर विचारलं. मला त्याचं वाक्य आठवलं. तो खुर्चीत सरळ बसला. आरशात त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, मग नजर हवालदारांकडे नेली. त्याचे ओठ उघडले.

दाढीला दुसरा हात मारायचा तर पुन्हा साबण लागतो. ब्रश माझ्या हातात होताच. मी तो गालावर नेला नाही. सरळ त्याच्या तोंडावर फिरवला, ओठांवर, मिशीवर, दोनदा, तीनदा, फेस नाकापर्यंत येईस्तोवर. मिशी असलेल्या माणसाच्या ओठांवर कुणी न्हावी साबण लावत नाही.

"अरं अरं! फौजीची मिशी उतरवतोस काय?" हवालदार हसत सुटले. टेंपोवाला हसला, मास्तरही हसले. मी म्हटलं, "हात चुकला, काका." आणि तेवढ्यात प्रश्न हरवला.

त्याने हातानेच तोंड पुसलं. अर्धी दाढी तशीच ठेवून तो उठला, गळ्यातलं फडकं काढून व्यवस्थित घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी नंतर मनाला समजावत राहिलो की मी त्याला वाचवलं. त्याची आई होती, गाव होतं, काय झालं असतं? पण ब्रश उचलताना मला त्याची आई आठवली नव्हती. मला शेवगा आठवला होता. तो "मीच" म्हणाला असता तर पुढचा प्रश्न असता, मग तुझं हे फौजी डोकं कोण करतं? मी माझी कातडी वाचवली, आणि त्यासाठी एका खऱ्या माणसाच्या तोंडात साबण घातला.

त्यानंतर मी कितीतरी सोमवार खोपोलीला गेलो. मावसभाव म्हणायचा, "कुनाची वाट बघतंस?" एसटीतून तो उतरला नाही. वर्षभराने तो घरी आला तेव्हा केस मानेवर रुळत होते. लोकांनी विचारलं, नोकरी सोडलीस का? तो म्हणाला, सुटली. का सुटली, हे विचारण्याइतकं कुतूहल एव्हाना कुणाला उरलं नव्हतं. आईने सांगून टाकलं की लेकाची तब्येत बरी नसते. तो माझ्या दुकानावरून जायचा आणि समोरच्या फुटपाथने जायचा.

आठ-नऊ वर्षांनी त्याची आई गेली. दहाव्याला घरचा न्हावी लागतो, आणि त्या घरचा न्हावी मीच. बोलावणं आलं तेव्हा मी दोनदा विचारलं, नक्की मलाच बोलावलंय ना?

नदीवर उन्हं चढली होती. पंधरा-वीस माणसं होती. हवालदार आता फार म्हातारे झालेले, काठी टेकून वडाच्या पारावर बसले होते. तो माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि मान खाली केली. दहाव्याला साबण लावत नाहीत, नुसत्या पाण्यावर काम. मी त्याच्या डोक्यावर पाणी चोळलं. केसांत पांढरं बरंच आलं होतं. किती वर्षांनी ते डोकं माझ्या हातात आलं होतं.

डोकं झालं. दाढी झाली. राहिली मिशी. मी ओंजळीने ओठावर पाणी लावलं आणि वस्तरा टेकवायच्या आधी थांबलो. मुद्दाम थांबलो. त्याला ऐकू जाईल एवढंच बोललो, "साबन नाय आज. बोल, काय बोलायचं ते. मी थांबलोय."

त्याने डोळे वर केले. आरसा नव्हता, मी समोर बसलेलो, त्यामुळे डोकं करताना पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे समोरून बघितलं. राग नव्हता त्यात. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने पारावरच्या हवालदारांकडे एकदा बघितलं, बाकीच्यांकडे बघितलं. कुणी गाडीची वेळ बोलत होतं, कुणी पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होतं.

"आता विचारतंय कोन?" तो म्हणाला, आणि मिशी काढायला तोंड पुढे केलं.