बिनखिळ्याची पाटी

खुटबावच्या शाळेत विज्ञान शिकवताना मी मुलांना एक खोड लावली. कुणी काही ठासून सांगितलं की विचारायचं, "कशावरून?" पोरांनी घरी जाऊन आयांचं डोकं खाल्लं आणि आयांनी शाळेत येऊन माझं.

नववीतल्या एका मुलीची आई खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की पाटीत लोखंडाचा खिळा टाकायची. वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. पोरीनं विचारलं, "कशावरून?" झालं, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला तिचाच प्रयोग ठरला. दोन कोंबड्या, दोन पाट्या. एकीत खिळा, दुसरीत नाही. दौंडला जायला मिळणार म्हणून पोरगी हवेतच होती.

परतीच्या पावसात विजा अगदी मनासारख्या झाल्या. दोन्ही पाट्यांत पिल्लं निघाली. 'खिळ्याचा संबंध नाही' असा तक्ता रंगला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिनं पाट्या न्यायला म्हणून झाडल्या, तर बिनखिळ्याच्या पाटीतूनही खिळा पडला.

आई तिच्याबरोबर शाळेत आली, तोंड एवढंसं करून. "बाई, वीज चमकली आन् मला ऱ्हावलं न्हाई. कोंबडी कशी बघत हुती माझ्याकडं." मला राग आला, आणि हसूही आवरेना.

पोरगी मात्र रडवेली. खिळा टाकून दिला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी तक्ता तिच्यापुढे सरकवला. तिनं नाक पुसलं, निष्कर्ष खोडला, खिळा तक्त्यावर चिकटवला आणि खाली लिहिलं, 'प्रयोग फसला. कारण, आईला दया आली. पुन्हा करणार.'

बक्षीस नाही मिळालं. परीक्षक पोट धरून हसले. मला मात्र तिचा इतका अभिमान वाटला की येताना सगळ्यांना भेळ चारली.

उन्हाळ्यात पुन्हा कोंबड्या बसवायच्या झाल्या, तेव्हा आईच म्हणाली, "पाट्या तुमच्याकडं ठेवा, बाई. माझा काय भरवसा न्हाई." पाट्या माझ्या पडवीत आल्या. जाताना पोरगी म्हणाली, "तुम्ही पण काय टाकायचं न्हाई हं."

"चल, शहाणी आहेस," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अवकाळीचं आभाळ गडगडलं. बिनखिळ्याची कोंबडी पिसं फुलवून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या हातात लोखंडी किल्ल्यांचा जुडगा होता. तो मी मुकाट्यानं शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिला.