फाटकाजवळची ओळ

मेबल ऑक्टोबरात गेली. तिला पोचवून आल्यावर तिच्या नवऱ्याने, आर्नल्डने, लोकरीच्या मोज्यांची एक जोडी माझ्या हातात ठेवली. "तू वापर, आयव्ही," तो म्हणाला. "मला न्यायला उशीर झाला."

इस्पितळात शेवटच्या दुपारी ती त्याला म्हणाली होती, "पाय गार पडलेत रे माझे." तो बस धरून घरी आला, मोजे घेतले, परत गेला, तोवर पलंग रिकामा झाला होता. हे त्याने मला एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला नाही, पण तो अख्खा हिवाळा त्याने त्या एका वाक्यापायी घालवला.

आमच्या वेकफील्डच्या बाजूला आर्नल्ड सायक्सला लोक ओळखायचे ते रुबार्बवाला म्हणून. रुबार्ब म्हणजे आंबट, गुलाबी दांड्यांची भाजी. कामाला वाघ आणि बोलायला महाकंजूष. बोलण्याचं खातं मेबलकडे होतं. वीस हिवाळे आम्ही दोघींनी, ती आणि शेजारची मी, त्याच्या अंधाऱ्या, उबदार ठेवलेल्या शेडमध्ये मेणबत्तीच्या उजेडात गुलाबी दांडे ओढले. तिची अखंड बडबड ऐकून मला वाटायचं, हे कोंब उबेने नाही, हिच्या धाकाने वर येतात.

शेडमध्ये नेऊन अवेळी फुटवलेला मुळाचा गड्डा एका हंगामात असेल नसेल ते देऊन टाकतो आणि उकिरड्यावर जातो. त्याचं पुढे काही होत नाही. म्हणून मेबलची फाटकाजवळ एक ओळ होती, ती कधीच आत न्यायची नाही. लग्न होऊन आली तेव्हा बापाच्या शेतातला एक गड्डा तिने एप्रनमध्ये बांधून आणला होता, त्याचीच ही सगळी पिलावळ. बापाच्या त्या शेतावर आता घरं उभी आहेत. दरसाल या ओळीतले गड्डे फोडून त्यांचे तुकडे वावरात लावायचे, दोन वर्षं पोसायचे आणि मग शेडला न्यायचे, असा आमचा क्रम. आणि हिवाळ्यात ओळ झाकायची नाही. रुबार्बला कडाक्याची थंडी हवी असते, गड्ड्याचा माथा कोरडा हवा असतो. कामावरची एखादी नवी मुलगी मायेने त्यावर गवत पसरायला गेली की मेबल तिचा हात धरायची. "डोकं उघडं ठेव त्याचं. आजारी आहे का ते, पांघरूण घ्यायला?"

तिच्या आजारपणाच्या दोन वर्षांत गड्डे फोडणं राहूनच गेलं. वावरात होतं नव्हतं ते यंदा शेडमध्ये जाणार होतं. बाहेर राहणार होती फक्त ती ओळ, अठरा गड्ड्यांची. आर्नल्डची पुढची सगळी वर्षं त्या अठरांत होती.

नोव्हेंबरात जेमतेम चार-पाच वेळा पहाटे दव गोठलं. पानं पिवळी होऊन जमिनीवर लोळली. आर्नल्डने वाळका पाला उचलला, तण काढलं, शेडचे गड्डे मातीसकट उकरून आत नेले आणि एकमेकांना खेटून मांडले. सगळं जिथल्या तिथे. मला हायसं वाटलं, माणूस सावरला म्हणून. मग गिरणीतून टाकाऊ लोकरीची गाडी आली. ती लोकर आम्ही खत म्हणून दोन ओळींच्या मधे पसरतो. आर्नल्डने ती मेबलच्या गड्ड्यांवर रचली, चांगली वीतभर. त्यावर गोणपाटं, गोणपाटांवर विटा.

मेबलचा भाऊ पर्सी त्याच गिरणीत कामाला. तो सायकलवरून जाता जाता फाटकाशी थांबला. "काय रे, गोधड्या घातल्यास की काय त्यांना? उद्या गरम पाण्याची पिशवीही देशील."

आर्नल्डने मान वर केली नाही. "गार पडतंय, पर्सी," तो विटा सारखी करत म्हणाला.

पर्सीचा चेहरा उतरला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि माझ्या दारात आला. "तू सांग त्याला. तुझं ऐकेल."

"भाऊ तू आहेस तिचा."

"म्हणूनच मला बोलवत नाही गं. बाईमाणसाने सांगितलेलं वेगळं."

असं आम्ही दोघं ते एकमेकांवर ढकलत राहिलो. एरवी मी कुणाची भीड ठेवणारी नाही. चर्चच्या पाद्र्यालाही त्याच्या कोबीवरून चार शब्द सुनावलेत. पण आमच्याकडे बायको गेलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात कुणी काही सांगत नाही. जेवण नेऊन देतात आणि हवापाण्याचं बोलतात.

नाताळच्या आधी मी मटणाचा स्ट्यू घेऊन गेले. दारातच म्हटलं, "आर्नल्ड, त्या ओळीवर फार झालंय. पाऊस थांबत नाहीये यंदा. खाली कुजेल सगळं."

"तिला गार लागायचं नाही, आयव्ही. एवढं तरी माझ्या हातून होऊ दे."

मी भांडं टेबलावर ठेवलं आणि घरी आले. त्याचा डोळा चुकवून गोणपाटं काढायला मला दहा मिनिटं पुरली असती. रोज फाटकावरून जात होते. नाही काढली.

थंडी त्या वर्षी पुढे आलीच नाही म्हणा, नुसता पाऊस. नोव्हेंबरातल्या तेवढ्या गारठ्यावर शेडमध्ये मात्र कधी नव्हे असं पीक आलं. जानेवारीत अंधारात कोंब फुटतानाची टचटच ऐकत आर्नल्ड पालथ्या बादलीवर बसून राहायचा. मेणबत्ती त्याच्या पायाशी असायची. मी त्याच्या भोवतीने दांडे ओढायचे, आणि मेबलच्या जागेवर कुणीच नसायचं. फेब्रुवारीअखेर शेड संपली. पिळवटलेले गड्डे त्याने एकट्याने ढकलगाडीने उकिरड्यावर टाकले.

मार्चमध्ये त्याने मला हाक मारली. "ये गं, ओळ उघडू या. डोळे वर आले असतील."

त्याने विटा उचलल्या, गोणपाटं मी ओढली. वास आधीच आला होता. लोकर भिजून, दबून काळी पडली होती. आर्नल्डने बाही वर केली आणि थंडी किती मुरलीय ते पाहायला मेबल घालायची तसा हात गड्ड्याखाली घातला. हात सरळ आत गेला. बाहेर आला तो तपकिरी चिखलाने माखलेला. त्याने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. अठराही पाहिले, गुडघ्यांवर सरकत. मी मधेच म्हटलं, "पुरे आता," पण त्याने ऐकलं नाही.

शेवटच्या गड्ड्याशी तो हात आतच ठेवून थांबला.

"ऊब आहे, आयव्ही," तो म्हणाला. "बघ हात लावून. अजून ऊब आहे इथे."

खत कुजताना तापतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी म्हटलं, "बाजारातून दुसरे गड्डे आणता येतील." तो म्हणाला, "येतील." त्याने ते आणले नाहीत, आणि त्या शेडमध्ये पुन्हा मेणबत्ती लागली नाही.

त्याला उठवायला मी हात पुढे केला. माझ्या बुटांत मेबलचे मोजे होते. पाय छान ऊबदार होते, आणि मला त्याची लाज वाटली.