दोनशे चारची खोळ

"नंबर बदलणार नाही!" पत्र्याच्या भिंतीपलीकडे थोरले साहेब गरजले. "पहिला आकडा इंजिनांचा, पुढचे दोन आराखड्याचे. दोन इंजिनं, चौथा आराखडा, म्हणून दोनशे चार. लग्नातला मानपान आहे का हा, रुसला की बदलला?"

"पडलेल्या हेलिकॉप्टरचा नंबर घेऊन मी गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहू?" हे विक्रीवाले साहेब. "तीननंतर थेट पाच करा, वर एखाद्या पाखराचं नाव द्या. चार झालंच नाही असं समजायचं."

भिंतीच्या अलीकडे शिवणयंत्र थांबलं. हेलिकॉप्टर उभं असताना शेपटीच्या पंख्यावर जाड कापडाची खोळ चढवतात. ती शिवायची आणि तिच्यावर लाल कापडाचा नंबर बसवायचा, हे काकूंचं काम. म्हणून अख्खा कारखाना त्यांना खोळकाकू म्हणे. नवराही तिथलाच, मिस्त्री. काकूंनी शिवलेली खोळ तोच चढवायचा. दोरी बांधून दोनदा ओढून बघायचा, शेपटीवर थाप मारून म्हणायचा, "झोप आता, बाई." दोनशे चारच्या चाचणीला तो मागच्या सीटवर बसून गेला, तो परत आलाच नाही.

चार झालंच नाही म्हणे. मग माझा माणूस कशात बसून गेला?

दुसऱ्या दिवशी काकूंनी थोरल्या साहेबांना गाठलंच. साहेब चष्मा पुसत राहिले. "काकू, मी भांडलो हो."

"ऐकलं मी. हरलात."

हरलेच होते बिचारे.

मग पाखराचा शोध सुरू झाला. एक नाव कुठल्याशा भाषेत शिवी निघालं, दुसरं आधीच दुसऱ्या कंपनीनं उचललेलं. "पोरीचं नाव ठेवताना आम्ही एवढं डोकं नाही खाजवलं," काकू म्हणाल्या. शेवटी तेच यंत्र, चूक सुधारून, 'ससाणा दोनशे पाच' झालं. विक्रीवाल्यांचा निरोप आला, आधीची खोळ तयारच आहे, फक्त चार उसवून पाच लावा, कापड कशाला वाया घालवता?

"उसवलं तर फाटेल," काकूंनी धडधडीत थाप मारली. नव्या कापडाची खोळ शिवली आणि जुनी घरी नेली. दर उन्हाळ्यात ती गॅलरीत वाळत घालायच्या. लेक करवादायची, "आई, जळमट झालंय ते. टाक ना आता!"

"तुझ्या बापाचं आहे, तुझं काय जातंय?"

वर्षं गेली. पाचनंतर सहा आलं, सात आलं. थोरले साहेब गेले, विक्रीवालेही गेले. काकूंना सुईत दोरा ओवायला दोन चष्मे लागू लागले. कामावरचा शेवटचा आठवडा उरला, तेव्हा विक्रीतली नवी पोरगी हसत हसत आली.

"काकू, नवं मॉडेल. छोटंसं, गोड आहे अगदी. नंबर दोनशे चार."

काकूंची कात्री थांबली. "चार कसा?"

"गिऱ्हाइकं विचारतात ना, तीननंतर पाच कसं? म्हटलं, रिकामा आहे तर भरून टाकू. कुणी वापरलाच नव्हता."

"वापरला होता."

"कुणी?"

"आमच्या ह्यांनी."

पोरगी हसायला लागली. काकूंचं तोंड बघितलं आणि मधेच थांबली. मग काकूंनी तिला सगळं सांगितलं, अगदी थोडक्यात. पोरीचे डोळे भरले. "मला खरंच माहीत नव्हतं हो. पण सगळं छापून झालंय, काकू."

"तुला कोण सांगणार? ज्यांना ठाऊक होतं त्यांनीच पुसलं. रडू नकोस, माप सांग."

घरी जाऊन काकूंनी जुनी खोळ काढली. तेच आकडे लावावे, असं मनात आलं. नव्या कापडावर धरून पाहिले. लाल पार विटून गेलं होतं, कुणी ते पास केलं नसतं. घडी घालून परत ठेवली. दुसऱ्या दिवशी नवं लाल कापड पसरलं. दोन आणि शून्य झरझर कापून झाले. चारला वेळ लागला.

शेवटच्या दिवशी पोरगी म्हणाली, "द्या, मी चढवायला सांगते कुणाला तरी."

"माझं काम आहे ते."

खोळ खांद्यावर टाकून काकू शेडमध्ये गेल्या. यंत्र खरंच छोटंसं होतं, नव्या रंगाचा वास मारत उभं. त्याचा काय दोष! पंख्यावर खोळ चढवली, सुरकुती हातानं सारखी केली, दोरी बांधली, दोनदा ओढून बघितली. शेपटीवर थाप मारली.

"झोप आता, बाई."

आणि कात्री परत करायची राहिली होती, म्हणून शिवणखोलीकडे वळल्या.