कडूचा शनिवारचा ताप

१० ऑगस्ट २०२४, शनिवार. कडू दुपारी दोनला केळीच्या बागेतून थरथरत आला. ताप १०३. दोन गोधड्या दिल्या. संध्याकाळी घाम येऊन उतरला.

दापोऱ्यात कुणाचं अंग तापलं की तो प्रतिभाबाईंच्या ओसरीवर यायचा. थर्मामीटर त्यांचा, डायरी त्यांची. तीस वर्षं हेच चाललेलं. मग गावातलीच कोमल सरकारी आरोग्यसेविका, आशाताई झाली. तिच्याकडे तपासणीचा किट आला, आणि लोक ओसरीवरून सरळ तिच्या दाराशी जाऊ लागले. प्रतिभाबाई खिडकीतून मोजत बसायच्या.

सोमवारी कोमलने घरोघरी हत्तीपायाच्या गोळ्या दिल्या. कडूचा डावा पाय सुजलेलाच होता, त्यानेही घेतल्या. त्याच दुपारी त्याला ताप चढला. बुधवारी पुन्हा.

"घाबरू नका सोजरभाभी," कोमल कडूच्या बायकोला म्हणाली, "ये तो अच्छी बात आहे. पायातले किडे मरतात ना, म्हणून बुखार येतो."

प्रतिभाबाईंनी डायरी काढली. शनिवार, सोमवार, बुधवार. शनिवारी तर गोळी गावात आलीच नव्हती. थंडी वाजून एक दिवसाआड ताप, म्हणजे मलेरिया. हत्तीपाय झालेल्याला मलेरियाचा डास काय सोडून देतो? त्यांनी डायरी मिटली. होऊ दे पोरीची फजिती. जिवाला बरं वाटलं. तेवढं मात्र लिहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी सोजरबाई आली. "बाई, यांच्या पोटात पाणी ठरत नाही."

"मग जा ना तुझ्या कोमलताईकडे."

"गेली होती. म्हणे, अजून किडे मरून राहिले. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, पण यांना बघा."

प्रतिभाबाई उठल्या आणि डायरी घेऊन कोमलच्या दाराशी गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा. "वाच. तारखा तरी वाचता येतात ना?"

कोमलने वाचलं. तिचा चेहरा उतरला. किट उचलून ती पळतच गेली. कडूच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं. पट्टीवर दुसरी रेघ उमटली. मलेरियाच.

"काकू, गोळी देताना मी विचारलंच नाही, आधी ताप होता का म्हणून. चूक माझीच." सगळ्यांच्या देखत म्हणाली ती. एवढं सरळ बोलता येतं, याचाही प्रतिभाबाईंना हेवा वाटला.

मलेरियाच्या गोळ्या सुरू झाल्या. मंगळवारी कडू खाटेवर बसून भाकरी खात होता. सोजरबाई ताटभर मांडे घेऊन निघाली. ओसरीपाशी थबकली, हसली. "कोमलताईनं वाचवलं बाई यांना," म्हणाली आणि पुढे कोमलच्या दाराकडे गेली.

प्रतिभाबाईंनी संध्याकाळी लिहिलं: कडूला ताप नाही. घरी जेवायला वरण-भात. तूप संपलं.